पाउचचा पिवळा गोंडा

२ एप्रिल, मंगळवार

शेरिफच्या ऑफिसातल्या बाई म्हणाल्या, "आठवेल तसं लिहून ठेवा, मिस वर्लीन. आठ दिवसांनी निम्मं विसराल." म्हणून ही वही. माझा नवरा वेंडल गाडीच्या पेट्रोलची नोंद ठेवायला असल्या वह्या डझनाने आणायचा. त्याला जाऊन चार वर्षं झाली, वह्या काही संपत नाहीत.

तर झालं ते असं. गुड फ्रायडे, दुपारचे दोन. मी कामाला आहे त्या लाँड्रीत मी एकटी, आणि सहा नंबरच्या ड्रायरमध्ये कुणाच्या तरी चादरी फिरतायत. राखाडी हुडी घातलेला एक माणूस आत आला आणि अगदी शहाण्यासारखा म्हणाला, "मॅडम, सुट्टे मिळतील?" मी ड्रॉवरकडे वळले. परत वळते तर पिस्तुलाची नळी माझ्या चष्म्यापासून वीतभर! त्याचा चेहरा मला आठवत नाही. ऑफिसरबाईंनी चार वेळा विचारलं, चारही वेळा मला नळीच आठवली. आणि बूट. एका बुटाची नाडी पांढरी होती, दुसऱ्याची लाल.

ड्रॉवरमधलं गेलं त्याचं काही नाही, ते मालकाचं. पण मेल्याने माझी पर्सही उचलली. पर्समध्ये लायसन्स, लायसन्सवर घराचा पत्ता. म्हणजे मी कुठे राहते ते त्याला ठाऊक आहे. ईस्टरला चर्चमध्येही गेले नाही. कुलपं बदलून घेतली, तरी दाराच्या मुठीखाली खुर्ची लावते.

आज मंगळवार, माझ्या सुट्टीचा आणि ओपलचा दिवस. केंड्रा, माझी मुलगी, हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत नर्स आहे. मंगळवारी तिची लांब ड्यूटी असते, म्हणून नात माझ्याकडे. पाच वर्षांची आहे, पण नजर पोलिसाची. आल्या आल्या विचारते, "आजी, खुर्ची दाराशी का बसलीय?"

"तिला बाहेरचं बघायचंय," म्हटलं. हसले आणि दाराची मूठ परत एकदा ओढून बघितली.

६ एप्रिल, शनिवार

वेल्मा मॅकरोनीचं भांडं घेऊन आली. चर्चमध्ये माझ्या शेजारी बसते ती वेल्मा, चाळीस वर्षांपासूनची मैत्रीण आणि तेवढीच वर्षं तोंडाळ. मला बघून म्हणाली, "काय ग अवतार हा! झोपतेस की नाही?"

"पापणी मिटली की नळी दिसते," म्हटलं आणि मला रडू कोसळलं.

तिने मला रडू दिलं. मग स्वतःच्या कमरेवर थाप मारली. तिथे फुलाफुलांचा पाउच होता. गेली दोन वर्षं तो मी बघतेय, मला वाटायचं त्यात तिच्या गुडघ्याच्या गोळ्या आहेत.

"गोळ्याच आहेत," वेल्मा म्हणाली. "गुडघ्याच्या नाहीत."

मी तोंडावर हात ठेवला. ही बाई प्रार्थनेला माझ्या मांडीला मांडी लावून बसते!

"पर्समध्ये ठेवायचं नाही, पर्स हिसकतात. कमरेला जाडजूड चामड्याचं म्यान लावलं तर ब्लाउज फुगतो, सगळ्या गावाला कळतं. पाउचकडे कोणी बघत नाही. फक्त तो लष्करी रंगाचा घेऊ नकोस, पाटी लावल्यासारखं होतं. नातवंडांच्या मॅचला निघालेली म्हातारी वाटली पाहिजेस."

"ती मी आहेच," म्हटलं.

ती गेल्यावर कपाटातला बुटांचा खोका काढला. वेंडलचं छोटं रिव्हॉल्व्हर त्याच्याच मोज्यात गुंडाळलेलं होतं. मोज्याला अजून त्याच्या पायांच्या पावडरीचा वास आहे. मी बराच वेळ मोजाच हातात धरून बसले.

११ एप्रिल, गुरुवार

बंदुकीच्या दुकानात गुरुवारी बायकांचा वर्ग असतो. पाच बायका आणि ताटभर ब्राउनी. शिकवणारा हॉलिस, पोट सुटलेला, आवाज मऊ. मी जांभळा पाउच घेतला. पुढे छोटा कप्पा, मागे मोठा, मोठ्यात हत्यार.

हॉलिस म्हणाला, "बायांनो, एकच लक्षात ठेवा. ही पिशवी आता तुमच्या अंगाचा भाग. टेबलावर नाही, खुंटीवर नाही, बाथरूमच्या दारामागे तर मुळीच नाही. पर्स माणूस विसरतो, पोट विसरत नाही."

हे मला पटलं. काढायचीच नाही, मग चूक होईल कशी?

बाकी माझी फजितीच. संधिवाताच्या बोटांत झिपचं टोक सापडेना. चाप आवरणाने झाकलेला असावा म्हणून हॉलिसने प्लास्टिकचं कडक कव्हर दिलं, त्यातून हत्यार निघेना. आणि चाप तर असला कडक की ओढताना जीभ बाहेर आली. शेजारची मुलगी ओठ दाबून हसत होती.

"मिस वर्लीन, एखाद्या शनिवारी घेऊन या," हॉलिस म्हणाला. "आतली स्प्रिंग बदलून चाप हलका करून देतो. लोण्यासारखा चालेल."

शनिवार सत्तावीसची वेळ दिली त्याने.

१४ एप्रिल, रविवार

पाउच लावून चर्चला गेले. वाटलं, सगळे माझ्याच पोटाकडे बघतायत. कोणी ढुंकूनही बघितलं नाही. उलट मलाच आता दिसायला लागलंय. एवढ्या उकाड्यात चर्चची देखरेख करणारे चार डीकन जाकिटं घालून रांगेच्या टोकाला बसतात, ते का, ते आज कळलं. इतकी वर्षं मी समजत होते, त्यांना एसी सोसत नाही.

केंड्रा पुढच्या बाकावर होती. बाहेर आल्यावर तिने विचारलं, "हे काय नवीन?"

"पर्स गेली ना माझी," म्हटलं, आणि पुढचा कप्पा उघडून तिला पेपरमिंट दिलं. ही वेल्माची शिकवण. पुढच्या कप्प्यात गोळ्याचॉकलेटं ठेवायची, कुणी विचारलं तर एक हातावर ठेवायचं.

केंड्राने कागद सोडवता सोडवता विचारलं, "आई, बाबांचं ते अजून घरात आहे का?"

"आहे. कुलपात."

"बघ हं. माझ्याकडे टेबलावर काय काय येतं ते मी तुला सांगत नाही, सांगणारही नाही. पण ओपल ज्या घरात खेळते तिथे ते कुलपाबाहेर दिसलं, तर आपले मंगळवार संपले. तू माझी आई असलीस तरी."

"कुलपात आहे म्हटलं ना!" मी जरा ठसक्यातच बोलले. चर्चच्या पायरीवर खोटं बोलले. पण तिच्या इमर्जन्सीत तिला शंभर माणसं सोबतीला असतात, माझ्या दाराशी खुर्ची असते. आणि मंगळवार गेले तर माझ्याकडे उरतं काय? सहा नंबरचा ड्रायर.

१६ एप्रिल, मंगळवार

हॉलिसचं प्लास्टिकचं कव्हर काढून टाकलं. दहा वेळा करून बघितलं, दहाही वेळा बोटं अडकली. तो लाल नाडीवाला मला दहा वेळा संधी देणार आहे का? हॉलिसला कळायचं कारण नाही.

झिपचं मात्र ओपलने सोडवलं. मी त्या टोकाशी झटापट करतेय हे ती बघत होती. (आत काय आहे ते अर्थात तिला माहीत नाही. मी पाठ फिरवूनच करते.) तिने आपला लोकरीचा डबा आणला, पुठ्ठ्याच्या चकतीवर पिवळी लोकर गुंडाळली आणि लिंबाएवढा गोंडा केला. कापायला तेवढी मी मदत केली. मग तिने स्वतः तो मागच्या मोठ्या झिपला बांधला, दोन गाठी मारून.

"आता बघ, आजी!" म्हणाली, आणि एका बोटाने गोंडा ओढला. झिप सर्रकन उघडायला लागली, मी घाईने हात ठेवला.

काय हुशार पोर आहे! आता माझी बोटं कितीही आखडली तरी हरकत नाही. आठवड्यात पहिल्यांदा पोटभर जेवले.

२५ एप्रिल, गुरुवार

सुपरमार्केटच्या पार्किंगमध्ये सामान गाडीत टाकून वळले तर वीस पावलांवर राखाडी हुडी. सरळ माझ्याकडे येतोय, भराभर, एक हात पाठीमागे. हात आपोआप गोंड्यावर गेला, झिप उघडली, मूठ बोटांना लागली. मला त्या गारव्याने बरं वाटलं, हे लिहायला लाज वाटते, पण वाटलं.

दहा पावलांवर त्याने पाठीमागचा हात पुढे केला. हातात अंड्यांचा खोका!

"मॅडम, ढकलगाडीत राहिला तुमचा."

सोळा-सतरा वर्षांचा असेल. गालावर मुरुमं, दातांना तारा. त्याने माझा हात कुठे आहे ते बघितलं आणि जागच्या जागी थांबला. इथल्या पोरांना कळतं. खोका हळूच जमिनीवर ठेवून, दोन्ही तळवे मला दिसतील असे धरून, तो मागे मागे गेला.

वेल्माला फोन केला. ती म्हणाली, "अगं, चांगलंच झालं की! तयार होतीस. तालीम झाली समज."

असेल. पण त्याचे ते तळवे डोळ्यांपुढून हलत नाहीत.

२६ एप्रिल, शुक्रवार

हॉलिसला फोन करून चाप हलका करायची उद्याची वेळ रद्द केली. म्हटलं, सर्दी झालीय. खरं म्हणजे ते हातात घ्यायचीच हिंमत नाही. मागचा कप्पा कालपासून उघडलेला नाही. पण काढूनही ठेवत नाही, कारण तो खरा हुडीवाला अजून मोकळाच आहे. कमरेला असू दे, बघायला नको.

३० एप्रिल, मंगळवार

सर्दी म्हणाले आणि खरंच झाली. गोळी घेतली, तिने असली गुंगी आली की दुपारी आरामखुर्चीत डोळा लागला तो तासभर उठलेच नाही. पाउच अर्थात अंगावरच. नियम म्हणजे नियम.

जाग आली तर ओपल शेजारच्या स्टुलावर बसून पेपरमिंट चोखतेय. फ्रॉकवर तीन कागद.

"न विचारता घेतलंस?"

"तू झोपली होतीस. मी हळूच घेतलं. मी तुला उठवलं नाही," ती म्हणाली. वर शाबासकी हवी होती तिला!

गोंडा पार दुसऱ्या टोकाला गेला होता. झोपेत कूस बदलली असेन. झिप ओढून घेतली.

सकाळी दाताच्या डॉक्टरांनी तिला हसऱ्या गोगलगाईची चार स्टिकरं दिली होती. दात सावकाश घासा, म्हणून गोगलगाय. एक तिच्या हातावर, एक फ्रिजवर, एक माझ्या चपलेवर.

"आणि चौथी ग?"

"एकाला दिली. तो अंधारात एकटाच झोपतो ना, त्याला."

म्हणजे आमचा बोका बिस्किट, दिवसभर सोफ्याखाली पडून असतो. त्याला ओढून बाहेर काढला, पोटापासून शेपटीपर्यंत चाचपला. स्टिकर नाहीच! खाल्लं की काय मेल्याने? ओपल हसत सुटली. "बिस्किट नाही ग, आजी!" मग कोण, ते मात्र सांगेना. गुपित म्हणे.

किती दिवसांनी घरात हसण्याचा आवाज आला.

७ मे, मंगळवार

केंड्रा ओपलला न्यायला आली, ती दारातच उभी राहून माझ्याकडे बघत राहिली.

"आई, तुझा हात सारखा पोटावर का? रविवारी पण तसंच. दुखतंय का?"

"छे!"

"खोटं बोलू नकोस. बारीक झालीयस. मी पोटाच्या डॉक्टरांची वेळ घेतलीय, बावीसची. मी सुट्टी काढून येणार आहे." तिचे डोळे भरले होते. वडील गेले ते पोटाच्याच दुखण्याने, तेव्हा ती घाबरणारच. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सांगून टाकावं असं अगदी ओठांवर आलं होतं. पण मग मंगळवार?

जाताना ओपलने माझ्या कानात विचारलं, "तो अजून झोपलाय?"

"झोपलाय हं," मी म्हटलं. बिस्किट सोफ्याखालीच होता.

१५ मे, बुधवार

सकाळी अकराला ऑफिसरबाईंचा फोन. "मिस वर्लीन, तुमचा माणूस सापडला. खरं तर आधीच सापडला होता. पाच एप्रिलपासून शेजारच्या काउंटीच्या तुरुंगात आहे, दुसऱ्या गुन्ह्यात. दोन ऑफिसांनी एकमेकांना कळवायला उशीर केला. त्याच्या सामानात तुमचं लायसन्स मिळालं."

"बूट?" मी विचारलं.

"एक नाडी लाल," त्या म्हणाल्या.

पाच एप्रिल! वेल्मा मॅकरोनी घेऊन आली त्याच्या आदल्या दिवशीच तो आत गेला होता. मी सगळा वेळ जीव मुठीत धरून कुणापासून लपत होते? आधी हसू आलं, मग ढसाढसा रडले. मुठीखालची खुर्ची काढून टेबलापाशी ठेवली. म्हटलं, आता हे जोखडही उतरवायचं, मोज्यात गुंडाळून खरोखर कुलपात ठेवायचं आणि बावीस तारखेच्या आत केंड्राला काहीतरी सांगून डॉक्टर टाळायचे.

पाउच टेबलावर ठेवला. गोंडा ओढला. रिव्हॉल्व्हर बाहेर काढलं.

चापाच्या शेजारी हसरी गोगलगाय होती.

नीट चिकटवलेली. कडा बोटाने दाबून बसवलेल्या. पुढच्या कप्प्यातलं एक पेपरमिंटही आत होतं, कागदासकट. त्याला खाऊ दिला होता तिने. पाचही गोळ्या भरलेल्या. पाउच कमरेला असला की नळीचं तोंड डावीकडे असतं, आणि स्टूल डावीकडेच आहे.

मागची पानं उलटून वाचली. सगळं माझ्याच अक्षरात लिहिलंय. 'तो अंधारात एकटाच झोपतो.' मी बोका चाचपत बसले!

स्टिकर काढून टाकलं तर कुणालाही कळणार नाही. हे मनात आलं. लिहायचं ठरलंय तर हेही लिहिते. नखाने एक कडा उचललीही होती. मग ती परत दाबली आणि केंड्राला फोन लावला.

१६ मे, गुरुवार

केंड्रा काल हॉस्पिटलच्या कपड्यांतच आली. मी सगळं सांगितलं, चर्चच्या पायरीवरच्या खोट्यापासून. तिने एकच विचारलं, "भरलेलं होतं?"

"पाचही."

ती स्वयंपाकघरात फरशीवरच बसली. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिचा नवरा ब्राइस आला, गोळ्या काढल्या आणि रिव्हॉल्व्हर शेरिफकडे जमा करायला घेऊन गेला. स्टिकर तसंच होतं. केंड्रा उठली, बाहेर गेली, माझ्या गाडीचं मागचं दार उघडलं आणि ओपलची लहान मुलांची सीट सोडवायला लागली. तो पट्टा कडक आहे, मलाही कधी एका दमात सुटत नाही. मी खिडकीतून बघत होते, मदतीला गेले नाही. सीट तिने आपल्या गाडीत ठेवली. सीटखाली बिस्किटांचा चुरा होता, तो तेवढा माझ्या गाडीत राहिला.

२१ मे, मंगळवार

कोणी आलं नाही. खुर्ची टेबलापाशी, दार उघडं. हात सारखा पोटावर जातो, तिथे काही नाही.

चारला फोन वाजला. केंड्राचा आवाज सपाट होता. "ती ऐकत नाहीय. पाच मिनिटं बोल. स्पीकर चालू आहे."

"आजी!" ओपल ओरडली. "बाबा त्याला घेऊन गेले?"

"हो, राणी."

"गोगलगाय काढली का?"

"नाही काढली."

"बरं झालं. तो खूप घट्ट झोपतो, आजी. मी त्याचं वाकडं बोट ओढलं ना, उठ म्हणून, तर तो उठलाच नाही. मग दोन्ही हातांनी ओढलं. तरी नाही. फारच कडक आहे तो."

पलीकडे केंड्राचा श्वास ऐकू आला, आणि मग फोन बंद झाला.

वही काढून सव्वीस एप्रिलचं पान उघडलं. शनिवारची वेळ मी रद्द केली होती.